बाजारभाव

कुंदाने पिशव्या एकीत एक कोंबल्या, चप्पल पायात सरकवली आणि दाराची कडी काढली, तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला.

"थांब. मी बी येस."

कुंदा वळली. यशोदाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि पदराखाली दाबून त्या पानाची डबी कनवटीला खोचत होत्या.

"गर्दी ऱ्हास तठे, आई. तुमना पाय दुखतीन."

"दुखू दे."

चार वर्षांत यशोदाबाई एकदाही मिलिटरी कॅन्टीनला आल्या नव्हत्या. आज येताहेत म्हणजे कशासाठी, ते कुंदाला न सांगता समजलं. काल संध्याकाळी एरंडोलहून तिचा भाऊ लीलाधर येऊन गेला होता.

कुंदाचा नवरा अभिमन फौजेत नाईक होता. डोंगरातल्या रस्त्यावर त्याची गाडी दरीत गेली. घरी आली ती त्याची ट्रंक, आणि मग कुंदाच्या नावाने दोन गोष्टी सुरू झाल्या: पेन्शन आणि कॅन्टीनचं कार्ड. पेन्शनीला घरात कुणी बोट लावलं नाही. सासरे हिलाल पाटील, ज्यांना देवपुरातले सगळे 'आबा' म्हणत, त्या बाबतीत कडक होते. "तिना पैसा तिनाच," एवढं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला होता. कार्डाचं मात्र तसं झालं नाही. ते हळूहळू सगळ्यांचं झालं.

पहिल्यांदा घरापुरता साबण आला. समोरच्या भिकुबाईने तो हातात घेऊन हुंगला, भाव विचारला आणि तोंडाचा चंबू केला. पुढच्या महिन्यात तिच्यासाठी सहा वड्या आल्या. मग झुंबरबाईचा चहा, मग कुणाचं खोबरेल, कुणाची इस्त्री. स्वस्ताईची चटक तिखटामिठासारखी असते, एकदा जिभेला लागली की बाजारातलं सगळं अळणी वाटतं. गल्लीत कुंदाला आता कुणी "कशी शे वं?" असं विचारत नसे. "कॅन्टीन कव्हय?" म्हणजे कधी, एवढंच विचारत. ते विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं प्रेम असे, हीच अडचण होती. कुंदा आजारी पडली तर भिकुबाई रात्रभर उशाशी बसे. संक्रांतीला पहिला तिळगूळ तिच्या हातावर येई. रागवावं असं त्यात कुठे काही सापडत नव्हतं.

माहेरी गेली तरी निघताना यशोदाबाई म्हणत, "शनिवारना आत ये, माय." कारण कॅन्टीन महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी उघडे.

काल लीलाधर त्याच शनिवारावरून बोलला होता. ओट्यावर बसून तो पाणी प्यायला, मग तांब्या खाली ठेवून आवाज न चढवता म्हणाला,

"आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तू कुणाचा तरी कुकर आणायचा म्हणून परत आलीस, ताई. आठवतं?"

"झुंबरबाईच्या पोरीचं लग्न होतं," कुंदा म्हणाली.

"तेच सांगतोय मी."

त्याने जळगावचं स्थळ आणलं होतं. पंडित नावाचा माणूस, पाइपांच्या कारखान्यात फिटर, बायको वारलेली, पाच वर्षांची एक मुलगी. कुंदाने त्याला पाहिलं होतं, एरंडोलला, वहिनीच्या भावाच्या साखरपुड्यात. तिथे सगळे कॅन्टीनबद्दलच बोलत होते, पंखा केवढ्याला पडतो, घड्याळ केवढ्याला. पंडितने मध्येच तिला विचारलं होतं, "तुम्ही स्वतःसाठी काय घेता तिथून?" ती म्हणाली होती, "घेते की." मग परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत ती आठवत बसली. एक वस्तू आठवली नाही.

लीलाधरने आबांसमोरच विषय काढला. आबा नाही म्हणाले नाहीत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "पोर लहान शे अजून. आम्ही काय तिले बांधी ठेयेल नही." पण यशोदाबाई आतून म्हणाल्या, "बेबानं लगीन व्हई जाऊ दे. मंग देखू." बेबा, कुंदाची नणंद, तिचं लग्न वैशाखात होतं. पंखा, कुकर, मोठी सुटकेस, जावयाचं घड्याळ, सगळं कॅन्टीनमधून यायचं होतं. त्याआधी घराचा स्लॅब पडू दे, असं होतं. त्याआधी अभिमनचं वर्षश्राद्ध. बेबाचं लग्न झालं की तिचं पहिलं बाळंतपण येईल, हे कुंदाला भिंतीवरच्या कॅलेंडरासारखं समोर दिसत होतं.

"मी मंगळवारी येतो," जाताना लीलाधर हळूच म्हणाला. "तू हो म्हण, नाहीतर नाही म्हण. पण तू म्हण."

दोघी रिक्षाने निघाल्या. पांझरेच्या पुलावर ऊन भाजून काढत होतं आणि खाली पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसत होती. यशोदाबाईंनी एकदा डबी काढली, पान न लावताच परत खोचली. आता बोलतील, कुंदाला वाटलं. आता म्हणतील, आम्ही काय कमी केलं तुला? त्यांनी तर काहीच कमी केलं नव्हतं.

कॅन्टीनच्या पत्र्याच्या शेडखाली बाकं भरली होती. बहुतेक पुरुषच, मिशा राखलेले पेन्शनर. बायका थोड्या, आणि त्या एका कडेला. कुंदाने खिडकीत कार्ड सरकवलं आणि सासूबाईंना बाकाच्या टोकाला जागा करून दिली. नळाचं पाणी आणून दिलं. यशोदाबाई सगळीकडे बघत होत्या, लग्नात परक्या मांडवात आल्यासारख्या.

बऱ्याच वेळाने खिडकीतल्या माणसाने खणखणीत आवाजात पुकारलं,

"नाईक अभिमन हिलाल!"

यशोदाबाई ताडकन उभ्या राहिल्या. पाणी सांडलं. त्यांची मान खिडकीकडे नाही, फाटकाकडे वळली, तिथे रस्त्यावर सायकली आणि ऊन याशिवाय काही नव्हतं. त्यांचा हात पदराशी गेला, डोक्यावरून घसरलेला पदर त्यांनी घाईने पुढे ओढला, आणि चेहरा एका क्षणापुरता असा उजळला की कुंदाला तिकडे बघवेना.

"नाईक अभिमन हिलाल!" परत पुकारा झाला. "विडो! आहे का कुणी?"

"आहे," कुंदा म्हणाली आणि खिडकीशी गेली. दर महिन्याला जायची तशीच.

खिडकीतला माणूस वाईट नव्हता. दिवसभर तेच तेच विचारून घसा बसलेला एक म्हातारा सुभेदार. त्याने कार्ड उलटंसुलटं पाहिलं.

"नवं वर्ष लागलं. विचारावं लागतं. दुसरं लग्न केलंय?"

"नाही."

"मोठ्याने बोला, पंख्याचा आवाज आहे."

"नाही."

"करायचं असेल तर आधी कळवा. कार्ड जमा करावं लागतं." त्याने शिक्का मारला. "रम घेणार?"

मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी माना वर केल्या.

"एक," कुंदा म्हणाली.

ती बाटली लोटनकाकांची. ते आबांचे चुलतभाऊ, आणि आबांना त्यांना नाही म्हणता येत नसे. कुंदा ती जुन्या टॉवेलात गुंडाळून साबणांच्या तळाशी ठेवत असे. आज टॉवेल गुंडाळताना तिला जाणवलं की सासूबाई अगदी पाठीशी येऊन उभ्या आहेत. किती वेळ, कोण जाणे.

"कोनासाठे?" यशोदाबाईंनी विचारलं.

"लोटनकाकासाठे."

"दर खेपे?"

कुंदाने मान हलवली. यशोदाबाईंनी त्या बाटलीकडे पाहिलं, रांगेतल्या पुरुषांकडे पाहिलं, मग परत कुंदाकडे.

साबण, चहा, खोबरेल निघालं. मग माणसाने आतून पंख्याचं खोकं आणून काउंटरवर ठेवलं. त्यामागे निळी सुटकेस.

"पंखा नको," यशोदाबाई म्हणाल्या.

"आई, बेबाले..."

"नको. पेटी बी नको. चाल."

मागचा माणूस लगेच म्हणाला, "तुम्हाला नको असेल तर मला द्या, बाई." खोकं परत आत गेलं. कुंदा पिशव्या उचलून सासूबाईंच्या मागे निघाली. बाटलीमुळे चिडल्या, तिला वाटलं. किंवा लीलाधरमुळे. किंवा दोन्हींमुळे. रिक्षा पुलावरून परत जात असताना कुंदा मनातल्या मनात मंगळवारी भावाला काय सांगायचं ते जुळवू लागली. लग्न होऊ दे, म्हणावं. एवढ्या वैशाखापुरतं थांब, म्हणावं. थांबणं तिला जमत होतं. तेवढं तरी तिला जमत होतं.

गल्लीत रिक्षा वळली तशी भिकुबाई ओट्यावरून उठली. झुंबरबाई हात पुसत बाहेर आली. बेबा दारातच उभी होती, रिक्षात खोकं शोधत. पिशव्या उतरल्या, साबणाच्या वड्या हातोहात वाटल्या गेल्या, कुणी सुटे द्यायला घरात पळालं. यशोदाबाई ओट्याच्या पायरीवर बसल्या. पिशव्या रिकाम्या होईपर्यंत बसून राहिल्या.

"मावशी, पुढला महिनामा माले दोन डबा खोबरेल जास्तीना," झुंबरबाई म्हणाली.

"पुढला महिनामा नही," यशोदाबाई म्हणाल्या. "कार्ड बंद व्हई गयं."

कुंदाने वर पाहिलं.

"बंद? आसं कसं बंद?" भिकुबाईच्या हातातल्या वड्या तशाच राहिल्या. "मंग आते काय बजारना भावमा लेवानं?"

"बठ्ठा लोक लेतस, सगळाच लेतस," यशोदाबाई म्हणाल्या.

बायका थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग एकेक करून घरात गेल्या. भिकुबाईने जाताना एकदा कुंदाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, आणि मग कधी नव्हे ते तिच्या पाठीवरून हात फिरवून गेली.

आबा आत खाटेवर बसले होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

"कार्ड आपोआप बंद नही व्हस," ते म्हणाले. "मी वाचेल शे, काय काय लिखेल शे त्यावर."

यशोदाबाईंनी लोटनकाकांची बाटली टॉवेलासकट काढली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवली. आबांची नजर खाली गेली.

"तठे आपला अभिमनना नावनी हाक मारतस," यशोदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला आणि त्यांनी तो परत सांधला. "नी ही उठस. चार साल व्हयनात, दर महिनाले उठस. मी आज देखं."

बेबा दारात उभी होती. पंख्याबद्दल विचारायला तिने तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"नी बेबानं लगीन?" आबा हळूच म्हणाले.

"पंखा आग्रा रोडवरला दुकानमाथीन लेसूत. एक लेसूत, जठे दोन लेवाना व्हतात."

आबांनी टोपी काढली, तिची घडी केली, परत उलगडली. मग पहिल्यांदा त्यांनी मान वर करून कुंदाकडे पाहिलं, आणि सून म्हणून नव्हे, पाहुणीला विचारावं तसं जरा अदबीने विचारलं,

"तुना भाऊ कव्हय येणार शे, माय?"

कुंदा भिंतीला टेकली. रिक्षात जुळवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं, वैशाख, थांब, होऊ दे.

"मंगळवारे," ती म्हणाली. "मी त्याले हो सांगस."

यशोदाबाई उठल्या, डोळ्यांना पदर न लावता चुलीकडे गेल्या आणि दुपारचा चहा टाकायला पातेलं शोधू लागल्या.