गुंडरसनांची गाडी

ऑड्री थ्रॉसेल चुकीच्या गाडीत बसली आहे हे तिला अकराव्या मिनिटाला कळलं. ते तोंडाने सांगायला पुढे पाच तास गेले.

आता तुम्ही म्हणाल, बाई वेडी की काय. तशी नव्हती. एकाहत्तर वर्षांची, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, चांगली शहाणीसुरती बाई. त्या सकाळी इंग्लंडातल्या बाथ शहरात, हॉटेलच्या दारात ती आणि तिचा नवरा मॉरिस साडेनऊच्या टॅक्सीसाठी नऊपासून उभे होते. बरोबर साडेनऊला एक लांबलचक काळी गाडी आली. आतून करड्या सुटातला एक उंच गृहस्थ उतरला, टोपी काढून म्हणाला, "सुप्रभात, मी पेनहॅलो. निघायचं?" आणि त्याने दार उघडून धरलं. कोणी दार उघडून धरलं की माणसाने आत बसायचं असतं. दोघं 'थँक यू' म्हणाले आणि बसले.

"टॅक्सी भारीच धाडलीय," मॉरिस पुटपुटला.

पेनहॅलो त्यांना "मिस्टर आणि मिसेस गुंडरसन" म्हणाला तेव्हाही ऑड्री काही बोलली नाही. नावात चूक कोणाचीही होते, लगेच दुरुस्त करायला जाणं बरं दिसत नाही. पण शहराबाहेर पडल्यावर तो घसा साफ करून म्हणाला, "तर आज आपण स्टोनहेंजपासून सुरुवात करू, मग सॉल्झबरीचं कॅथीड्रल, मग विंचेस्टरचं," तेव्हा तिला उमगलं. ही टॅक्सी नव्हती. हे कोणा गुंडरसनांनी दिवसभरासाठी ठरवलेलं खास पर्यटन होतं, आणि गाडी नेमकी उलट्या दिशेला चालली होती.

"मॉरिस, सांग त्याला."

"आत्ता? वाक्य चालू आहे त्याचं."

वाक्य संपलं तर दुसरं सुरू झालं. पेनहॅलोला श्वास घ्यायची सवय नव्हती.

ऑड्रीला बाराच्या आत वेल्स नावाच्या गावाजवळच्या एका खेड्यात पोचायचं होतं, तिच्या धाकट्या बहिणीकडे. बेरिलशी तिचं भांडण नव्हतं, आणि खरी रड तीच. अकरा वर्षांपूर्वी आईला पुरून परतताना बेरिल म्हणाली होती, "एकदा ये ना गं जेवायला." ऑड्री म्हणाली होती, "नक्की." पण तारीख कोणीच काढली नाही. तारखेवाचून बोलावणं म्हणजे आमच्या इंग्रजांत बोलावणंच नव्हे, ते नुसतं निरोप घेणं असतं. आणि आपण होऊन तारीख विचारायची म्हणजे गळ्यात पडणं झालं. मग दर नाताळला कार्ड: 'यंदा भेटायलाच हवं.' अशी अकरा कार्डं इकडून गेली, अकरा तिकडून आली. गेल्या महिन्यात बेरिलचं पत्र आलं. घर विकलं, गुरुवारी संध्याकाळी ती मुलाकडे न्यूझीलंडला चालली होती, कायमची. 'गुरुवारी बाराला जेवायला येशील का? अर्थात वाट फार वाकडी होत नसेल तरच.'

प्रेस्टनच्या त्यांच्या घरापासून दोनशे मैल. ऑड्रीने उलट टपाली लिहिलं, 'वाटेतच आहे.'

तोच आज गुरुवार होता. आज चुकली की बहीण पुन्हा दिसायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी ती गुडघ्यांवर गुंडरसनांची शाल घेऊन बसली होती आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होती, "अय्या, हो का?"

स्टोनहेंजच्या वाहनतळावर पेनहॅलोला फोन आला. तो दूर जाऊन बोलला आणि लालबुंद होऊन परतला. तेवढ्यात ऑड्रीने बेरिलला संदेश धाडला: 'थोडा उशीर होईल, माफ कर.' खरं कारण लिहिण्याजोगं नव्हतं. लगेच उत्तर आलं: 'अजिबात घाई नाही! सावकाश ये!'

ते वाचून ऑड्रीचा चेहरा उतरला. "ती दुखावलीय," ती म्हणाली.

"इथे तर सावकाश ये लिहिलंय."

"दोनदा उद्गारचिन्ह दिलंय, मॉरिस. आईच्या आजारपणातसुद्धा तिने एकच दिलं होतं."

सॉल्झबरीत सांगायचंच असं ठरलं. पण पेनहॅलोने कॅथीड्रलच्या हिरवळीवर स्वतःच्या हाताने केलेली काकडीची सँडविचेस काढली. कडा कापलेली, ओल्या रुमालात गुंडाळलेली. ज्याने तुमच्यासाठी पावाच्या कडा कापल्या त्याला 'आम्ही ते नव्हेच' असं कुठल्या तोंडाने सांगणार? मॉरिसने चार खाल्ली. मग चारशे चार फुटी कळसाकडे माना वर करून बघणं झालं. मॉरिसला तर एव्हाना मजाच यायला लागली होती, तो कमानींबद्दल प्रश्न विचारत सुटला. ऑड्रीने त्याच्या पायावर पाय दिला, तर तोच म्हणाला, "सॉरी."

एक वाजता तिने पुन्हा लिहिलं: 'अजून थोडा वेळ.' उत्तर आलं: 'काळजी करू नकोस.' आता एकही उद्गारचिन्ह नव्हतं. त्यावर ती काय म्हणाली? पेनहॅलोला म्हणाली, "किती छान सांगता हो तुम्ही." माणसाला स्वतःची चीड यावी तरी किती.

तीनला दहा कमी असताना ते विंचेस्टरला होते. पेनहॅलो एका पाणबुड्याची हकिगत सांगत होता. शंभरेक वर्षांपूर्वी हे कॅथीड्रल दलदलीत खचायला लागलं, तेव्हा एक माणूस सहा वर्षं रोज त्या गढूळ पाण्यात उतरत होता. खाली आपलाच हात आपल्याला दिसत नसे. नुसत्या चाचपडीवर इमारतीच्या पायाखाली सिमेंटची पोती रचून त्याने एवढं धूड सावरलं.

ऑड्री ऐकत होती आणि तिच्या मनात संताप उसळत होता. तो माणूस रोज उठून त्या घाणीत बुडी मारायचा, आणि माझ्याच्याने एक वाक्य निघत नाही.

तीनचे ठोके पडले. अशा मोठ्या कॅथीड्रलांमधून तासातासाला एक धर्मगुरू ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांना मिनिटभर स्तब्ध राहायला सांगतात. तसं त्यांनी सांगितलं. दोनशे माणसं जागच्या जागी थांबली. कुठे बुटाचा आवाज नाही की खोकला नाही. आणि पेनहॅलोचं वाक्य दिवसात पहिल्यांदा मध्येच तुटलं.

"मी मिसेस गुंडरसन नाही," ऑड्री म्हणाली.

तेवढ्या दगडांत तो आवाज चांगला घुमला. दोनशे माणसांनी तो ऐकला आणि दोनशे माणसांनी आपण काही ऐकलंच नाही असा चेहरा केला. मॉरिस छताकडे बघू लागला.

"आम्हाला टॅक्सी हवी होती. माझी बहीण आज देश सोडून चाललीय. बारापासून वाट बघतेय. मला तुमचं एकही कॅथीड्रल बघायचं नव्हतं."

पेनहॅलो हळूच म्हणाला, "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"तुम्ही त्या नव्हे हे. स्टोनहेंजला ऑफिसातून फोन आला. खरे गुंडरसन हॉटेलात न्याहारी करत होते, त्यांना दुसरी गाडी दिली."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या रंगून गेला होता," तो बिचारा अगदी रडवेला झाला. "म्हटलं, आता मध्येच सांगितलं तर तुम्हाला अवघडल्यासारखं होईल."

मिनिट संपलं. धर्मगुरूंनी सर्वांचे आभार मानले.

त्यानंतर मात्र पेनहॅलोने गाडी अशी हाणली की मॉरिसने दोन्ही हातांनी वरचा दांडा धरला. पावणेदोन तासांत डावी-उजवीकडचा एकही किल्ला सांगितला गेला नाही. पाचला दहा कमी असताना ते बेरिलच्या गल्लीत शिरले. दारात टॅक्सी उभी होती. दोन बॅगा पायरीवर होत्या, आणि कोट घालून बेरिल दाराला कुलूप लावत होती. म्हातारी झाली होती. ऑड्रीने ते हिशेबात धरलंच नव्हतं.

"अगं, आलीस?" बेरिल म्हणाली. "कशाला एवढी धावपळ केलीस? नसतं जमलं तरी मला काही वाटलं नसतं."

"वाटलं असतं," ऑड्री म्हणाली. "मला तर वाटलंच असतं. बेरिल, अकरा वर्षं तुझी आठवण काढते मी आणि कार्डं पाठवते."

बेरिल कुलूप सोडून तिच्याकडे वळली. "भांडीकुंडी सगळी पेटीत गेली होती. शेजारणीकडून ताटं मागून आणली तुमच्यासाठी. बारापासून खिडकीत बसले होते."

"मग फोन करायचास ना."

"म्हटलं, तुझं यायचं मन नसेल. कशाला तुला पेचात टाका."

टॅक्सीवाल्याने घड्याळाकडे बघितलं. दोघी बहिणी एकदम त्याला "सॉरी" म्हणाल्या. बेरिलने घाईघाईने बॅग उचलली. "त्याला ताटकळत ठेवणं बरं नाही," ती म्हणाली आणि निघालीसुद्धा.

ऑड्री तिच्या पुढे होऊन टॅक्सीच्या खिडकीशी गेली. "तुम्ही निघा," ती म्हणाली. "ही आमच्या गाडीतून येणार आहे. तुमचा खोळंबा झाला त्याचे पैसे हा देईल."

"बरं बाई," टॅक्सीवाला म्हणाला. मॉरिसने पाकीट काढलं, आणि टॅक्सी गेली.

सगळं मिळून मिनिटभरही लागलं नाही. ऑड्री रिकाम्या गल्लीकडे बघत राहिली. तिला आधी हसू आलं आणि मग ते टिकलं नाही.

बॅगा चढल्या. मॉरिस पुढे बसला, बहिणी मागे. हमरस्त्याला लागल्यावर पेनहॅलोने सवयीने घसा साफ केला, आणि ऑड्री म्हणाली, "मिस्टर पेनहॅलो, आता एक शब्द नको." तो सुटल्यासारखा "हो बाई" म्हणाला. विमानतळ दोन तासांवर होता. अकरा वर्षांचं सगळं तेवढ्यात उरकायचं होतं. दोघी एकदम बोलायला लागल्या, आणि 'आधी तू बोल' असं दोघींपैकी कोणीही म्हटलं नाही.