आतून कडी

आमच्या हॉटेलात दोनशे दहा खोल्या आहेत आणि मला नवऱ्याशी धड भांडायला त्यातली एकही नाही. भांडायला म्हणाले, बाकीचं तुम्ही समजून घ्या. मी चौथ्या मजल्यावर खोल्या आवरते, आमचे हे तळघरात चादरींना इस्त्री करतात. लग्नाला चार वर्षं झाली. हॉटेलच्या मागे नोकरांची इमारत आहे. तिथे मी आठ बायकांच्या खोलीत वरच्या पलंगावर, आणि हे अंगणापलीकडे बारा पुरुषांच्या खोलीत खालच्या पलंगावर. बाहेर खोली घ्यावी म्हटलं तर दोघांचे पगार भाड्यातच जातात. मग खायचं काय, भिंती?

सासूबाईंच्या हे डोक्यातच शिरत नाही. दर रविवारी फोन. "काय गं, गोड बातमी कधी देणार?"

"आई, बातमी यायला आधी जागा लागते."

त्यांना वाटतं सून उद्धट आहे. मागच्या महिन्यात त्यांनी ताकदीच्या औषधाच्या दोन बाटल्या पाठवल्या, एक मला, एक ह्यांना. ह्यांची बाटली बारा जणांनी मिळून दोन दिवसांत संपवली. बारापैकी सात जणांच्या बायका गावाला किंवा पलीकडच्या खोलीत, त्यामुळे ती सगळी ताकद जिने चढण्यात गेली.

माझ्या खालच्या पलंगावर आमच्या मजल्याची मुकादमीण झोपते. तिला आम्ही शिट्टी म्हणतो, कारण ती हाक मारत नाही, शिट्टी वाजवते. तिचा नवरा आमच्याच फाटकावर रखवालदार आहे. बावीस वर्षं दोघं येता-जाता एकमेकांना सलाम करतात.

तर अशा या आमच्या हॉटेलात परिषद भरली. दारात भला मोठा फलक: "देह माझा, हक्क माझा". तीन दिवस, शंभरावर पाहुणे, आणि चादरी रोज बदलायच्या. अध्यक्षबाई चारशे बारामध्ये. बाई चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू? टॉवेल जागेवर ठेवायच्या आणि मला अहोजाहो करायच्या. दुसऱ्या दिवशी मी पलंग आवरत होते, तेव्हा त्यांनी जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "तुमचे पती तुमची संमती विचारतात का?"

"विचारतात की. चार वर्षं विचारतायत. मी हो म्हणते. मग आपापल्या खोलीत झोपायला जातो."

बाईंनी लगेच वही काढली. माझ्याकडून तेच वाक्य दोनदा वदवून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही उद्या व्यासपीठावर बोलाच!"

मला कोरा ॲप्रन मिळाला, पाच मिनिटं मिळाली. एकदा सुरू झाल्यावर तोंड काही बंद होईना. म्हटलं, "देह माझा आहे हे मला माहीत आहे, तो मीच रोज चार मजले चढवते. मला एक खोली पाहिजे, तिला आतून कडी पाहिजे, आणि ती भाड्याने घेता येईल एवढा पगार पाहिजे. मग हो म्हणायचं की नाही, ते आमचं आम्ही बघू."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या एकीने डोळे पुसले. संध्याकाळी ठराव वाचला: "खाजगीपणा हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे." खोली त्यात नव्हती, कडी नव्हती, आणि पगाराचं तर नावच नाही. मी बाईंना गाठून विचारलं. त्या माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अहो, तो विषय आर्थिक परिषदेचा. ती दुसरे लोक भरवतात." सगळ्यात जास्त टाळ्या आमच्या मॅनेजर साहेबांनी वाजवल्या. मला फुलांचा गुच्छही दिला. फोटो झाल्यावर तो परत घेऊन स्वागतकक्षात ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी अध्यक्षबाई गेल्या. खोलीचे पैसे मात्र संध्याकाळपर्यंतचे भरलेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आमचे हे चादरींचा गठ्ठा घेऊन वर आले. मी चारशे बाराच्या दारात उभी. आतल्या मुठीला ती पाटी लटकत होती: "कृपया त्रास देऊ नये". आमच्याकडे ही पाटी म्हणजे दगडावरची रेघ. बाहेर पाटी असेल तर आत आग लागली तरी आधी खालून फोन करायचा, दाराला हात लावायचा नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. पाटी बाहेर लावली आणि आतून कडी घातली.

आणि काय सांगू तुम्हाला, पहिली पाच मिनिटं हे चादरीची इस्त्री तपासत बसले. "ही घडी माझी नाही, त्या नवीन पोराची आहे." मी न्हाणीघरातला आरसा पुसायला लागले. मग माझं मलाच कळलं नि माझं डोकं असं फिरलं! म्हटलं, "अहो, चार वर्षांनी दार लागलंय आणि तुम्ही घड्या बघताय?" तिथून जी सुरुवात झाली! त्यांच्या आईचे फोन, माझं तोंड, बाटली, लग्नातला माझ्या भावाचा रुसवा, सगळं निघालं. हे कधी आवाज चढवत नाहीत. बारा जणांत चढवणार कुठे? त्या दिवशी चढवला. मीही अहोवरून अरेवर आले. पोटभर भांडलो. मग मी रडले, मग हे रडले, आणि मग पुढचं मी सांगणार नाही.

दार उघडलं तर समोर स्टुलावर शिट्टी बसलेली. अध्यक्षबाईंची किल्ली खाली जमा झाल्याचं तिला ठाऊक होतं, आतला आवाज ओळखीचा होता, पण दारावर पाटी होती. अर्धा तास बसून राहिली, दार वाजवलं नाही. मग मात्र शिट्टी वाजवली.

दुसऱ्या दिवशी चौकशी. मॅनेजर साहेबांच्या खोलीत आम्ही दोघं उभे, शिट्टी साक्षीला, कारकून कागद घेऊन. दारावर कारकुनाने पाटी लावली: "चौकशी चालू आहे. आत येऊ नये."

"खोलीत नेमकं काय केलंत?" साहेबांनी विचारलं.

"भांडलो."

"अर्धा तास?"

"चार वर्षांचं होतं, साहेब."

"आणि त्यानंतर? सविस्तर लिहून द्या." त्यांच्या डोक्यामागे परिषदेचा ठराव चौकटीत लावलेला, खाली माझा गुच्छासकट फोटो. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण मी बोलायच्या आत आमचे हे बोलले, कालच्याच आवाजात. तो आवाज तळघरापर्यंत गेला असणार.

"नवरा-बायको आहोत आम्ही! काय केलं ते लिहून मिळणार नाही. एका खोलीचं भाडं निघेल एवढा पगार द्या, तुमच्या खोलीत पाऊल टाकणार नाही."

साहेब लाल झाले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "बाईंना आजपासून कामावरून कमी केलंय. संध्याकाळपर्यंत पलंग रिकामा करा." पलंग गेला म्हणजे हे शहर गेलं, आणि अंगणापलीकडून दिसणारा नवराही गेला.

"मग उद्यापासून चादरी तुम्हीच करा," हे म्हणाले. उद्या तीनशे पाहुणे यायचे होते. साहेब उठले, आणि मालकांना फोन करायला कारकुनाला घेऊन बाहेर गेले. मागोमाग शिट्टी. जाताना तिने दार ओढून घेतलं.

खोलीत आम्ही दोघंच. भिंतीला कोच, खिडकीला जाड पडदा. मी पुढे झाले आणि आतून कडी घातली.

"अगं, काय करतेस?" हे कुजबुजले.

"चौकशी चालू आहे ना? बसा."

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. "दार उघडा!"

"पगाराचं लिहून आणा, साहेब. आणि माझ्या पलंगाचंही. मग उघडते."

बाहेर पावलं वाढत गेली. तळघरातली माणसं वर आली होती, मजल्यांवरच्या बायका खाली. साहेब ओरडले, "तोडा दार!" कुणी हललं नाही. मग ते स्वतःच दाराकडे सरसावले असावेत, कारण तेवढ्यात शिट्टी बोलली, अगदी दाराशी.

"साहेब, पाटी आहे दारावर."

"ती मीच लावायला सांगितली होती!"

"कुणी का लावेना. बावीस वर्षं मी कुणाला मोडू दिली नाही." स्टूल सरकवल्याचा आवाज आला. "आणि कुणीतरी फाटकावर जाऊन आमच्या ह्यांना बोलवा. म्हणावं, मी इथे बसलेय, येऊन शेजारी बसा."