शेवटच्या डब्यासकट

लग्नाच्या ग्रुप फोटोत नवरदेवाचे डोळे मिटले तर एकवेळ चालतं, पण नवरीचा एखादा मामा कडेला अर्धा कापला गेला की अल्बम परत येतो. वर बोलणी खावी लागतात ती वेगळीच. अकोटात माझा स्टुडिओ आहे आणि "कोणी सुटलं का?" हे मी झोपेतही विचारते, असं आई म्हणते. ती हे कौतुकानं म्हणत नाही.

माझी आई म्हणजे सत्यभामाबाई पेरूवाली. आमच्या मळ्यातले पेरू आणि संत्री टोपलीत घालून ती छोट्या लाइनच्या, म्हणजे मीटरगेजच्या गाडीनं खंडव्याकडे जाते, वाटेतल्या प्रत्येक स्टेशनवर विकते आणि रिकामी टोपली घेऊन परत येते. माझं लग्नातलं काम तिच्या लेखी काम नव्हेच. कोणी विचारलं, "पोरगी काय करते?" तर सांगायची, "लोकायच्या लग्नात फिरते." एवढं एकच वाक्य. माझ्या हातचं एखादं काम दाखवून तिनं चारचौघांत म्हणावं, हे माझ्या गीतांजलीचं आहे, एवढीच माझी इच्छा होती. इच्छा कसली, हट्टच होता.

ही छोटी लाइन अकोटच्या पुढे सातपुड्यात शिरते. धूळघाटाजवळ तर ती डोंगराला वेढा घालून, चढता चढता स्वतःच्याच रुळांवरून पुलानं पलीकडे जाते. आमच्या जंगलात अशी करामत आहे याचा मला लहानपणापासून गर्व. इथली माणसं गर्व करायला लाजतात, मी लाजत नाही. लाइन आता बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा पुण्या-मुंबईचे हौशी लोक हातभर लेन्स घेऊन घाटात उतरले. कुठून कुठून गाड्या हुडकत आले, आणि मी शेजारी राहून घरात बसू? मीही कॅमेरा उचलला.

सुरुवात मालगाडीपासून केली. मालगाडीचं बरं असतं, कोणी डोळे मिटत नाही, कोणी रुसत नाही. एकदा गिट्टीनं भरलेली गाडी घाट चढताना अशी सापडली की इंजिनाचा धूर सागाच्या शेंड्यांवर टेकला होता. मग पॅसेंजर घेतली. पुलावर, वळणावर, सकाळच्या तिरप्या उन्हात. त्यातले निवडक फोटो एके दिवशी कॉम्प्युटरवर लावले आणि आईला मुद्दाम हाक मारली.

तिनं पदरानं हात पुसले, वाकून पाहिलं. एक पाहिला, दुसरा पाहिला.

"इंजिनच इंजिन," ती म्हणाली. "आमी कुठी आहो यात?"

"आई, गाडी लांब असते. मांगचं सारं वळणाच्या आड जाते."

"मंग आमी बसतो थो डबा गाडीचा नाई काय?"

आणि गेली भाजी चिरायला. मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. फळंवाल्या बाया कायम शेवटच्या डब्यात बसतात. टोपल्या ठेवायला जागा मिळते आणि गार्डसाहेब ओळखीचे. माझ्या एकाही फोटोत तो डबा नव्हता. लग्नात मामा सुटू न देणारी मी, आणि सख्खी आई सुटली होती.

मग मी जागा शोधली. घाटात एका ठिकाणी लाइन मोठं वळण घेते आणि वळणाच्या आतल्या अंगाला एक टेकाड आहे. त्यावर उभं राहिलं की गाडी अर्धगोलात आपल्याभोवती येते, मांडवात पाहुणे उभे करतो तशी. अडचण एकच होती. त्या वळणाच्या आधी डोंगर कापून केलेली खोल खिंड आहे. शेवटचा डबा खिंडीतून बाहेर पडेपर्यंत इंजिन पुढच्या झाडांत शिरू लागतं. दोन्ही टोकं एकदम दिसतात ती अगदी क्षणभर. तेवढ्यात साधायचं होतं, आणि लाइन बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते.

त्या सकाळी आईच्या गाडीच्या आधीच्या, पहिल्या गाडीनं पुढे गेले आणि टेकाडावर जाऊन उभी राहिले. आईला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, जंगलात एकटी कायले तडफडतेस.

गाडी आधी ऐकू आली, मग दिसली. डिझेल इंजिन चढावर कण्हत खिंडीतून बाहेर आलं. मागून एकेक डबा येऊ लागला. फ्रेम भरत आली, ऊन नेमकं पडलं होतं, इंजिन झाडांकडे निघालं, आणि शेवटचा डबा अजून खिंडीतच. आणि मी जे केलं ते मी ठरवून केलं नाही, माझ्या हातांनी केलं. इतकी वर्षं मांडवात करतात तेच. कॅमेरा गळ्यात सोडला, दोन्ही हात डोक्यावर उंच धरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "मांगचे, पुढे या! पुढे या!"

करकचून ब्रेक लागले. चाकं किंचाळली. सगळी गाडी धक्के खात, रांगत रांगत थोडी पुढे आली आणि थांबली. शेवटचा डबा खिंडीतून पूर्ण बाहेर, इंजिन झाडांच्या अलीकडे.

रेल्वेत दोन्ही हात वर म्हणजे धोका, गाडी थांबवा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की काय झालं म्हणून प्रत्येक खिडकीतून माणूस बाहेर डोकावला आहे आणि सगळे माझ्याकडे पाहत आहेत. डोळे उघडे, माना सरळ. असा ग्रुप मला आयुष्यात मिळाला नव्हता. मी कॅमेरा उचलला आणि बटण दाबलं.

मग ड्रायव्हर उतरला.

"काय झालं? रूळ तुटला काय?"

"नाई. मी फोटो काढून राहिली होती."

"फोटोसाठी चढावर गाडी थांबवली?"

"थांबवली नाई जी, मांगच्यायले पुढे बलावून राहिली होती."

"मांगचे कोण?"

"मांगचे डबे," मी म्हणाले.

तोवर मागून गार्डसाहेब धापा टाकत आले. दोघांनी मिळून माझी जी खरडपट्टी काढली ती इथं लिहिण्यासारखी नाही, आणि माझी चूक असल्यानं मी सगळी ऐकून घेतली. पुन्हा लाइनीजवळ दिसलीस तर पोलिसांत देतो म्हणाले. गाडी मोठ्या कष्टानं हलली. आईचा डबा समोरून गेला तेव्हा माझी मान खाली होती.

संध्याकाळी आई रिकामी टोपली घेऊन आली. "जेवली काय?" एवढंच विचारलं.

रात्रीचं जेवण राहू दिलं आणि फोटो उघडला. सगळी गाडी आली होती. पार इंजिनापासून लाल झेंडी धरलेल्या गार्डापर्यंत, कोणी कापलं गेलं नव्हतं. शेवटचा डबा मोठा करून पाहिला. खिडक्यांत फळंवाल्या बाया, सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे. फक्त एक बाई पाठमोरी. तिचं तोंड डब्यातल्या लोकांकडे होतं आणि एक हात खिडकीबाहेर काढून ती बोटानं मला दाखवत होती. पदर मी लगेच ओळखला. मांडवात असं कोणी फिरलं असतं तर मी दुसरा फोटो घेतला असता.

आई काय सांगत होती ते मला तिच्यासोबत फळं विकणाऱ्या रुख्मिणी मावशीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. मावशी त्याच डब्यात, आईच्या शेजारी होती. बाया घाबरल्या होत्या, कोणी म्हणत होतं वाघ आला, कोणी म्हणत होतं पूल पडला. आणि सत्यभामाबाई हसून सगळ्या डब्याला सांगत होती,

"भेऊ नोका, बायहो. थे माही पोरगी होय. आपला फोटो काढून राहिली."