पंढरीमामाचा पॉलिशपेपर

त्या दिवशी पंढरीमामा सकाळधरून कुऱ्हाडीला नवा दांडा घालून राहिलते, आन दांडा काही गुळगुळीत होईना. घरात शिरले, फळीवर चार खरखरीत कागुद दिसले, एक उचलला आन बसले घासत. अर्धा दांडा झाला तवा सून आली, विशाखा. अशी किंचाळली की शेळीनं दावं तोडलं!

"मामा! आवं, माझ्या माश्या!"

"कोनच्या माश्या? पॉलिशपेपर हाय ह्यो. त्यो बी भिकार, नुसता भुसा पडून राहिला."

"भुसा न्हाई, अंडी हायती ती! वीस हजार!"

भानगड अशी, की कपाशीला पाती, म्हंजी बोंडाच्या कळ्या, लागली तशी मामानं फवाऱ्याचा पंप काढला, आन विशाखा आडवी आली. शेतीच्या शिबिरातून ही अंडी चिकटवलेली कार्डं तिनंच आणलेली. त्याच्यातून मुंगीच्या डोळ्याएवढी गांधीलमाशी निघती, चावत न्हाई का काही न्हाई. बोंडअळीचं अंडं हुडकती आन त्याच्यातच आपलं अंडं घालती. आतलं पिल्लू ते खाऊनच मोठं होतं, अळी जन्मायच्या आदीच खल्लास! पन फवारलं की माशी बी मरती.

मामा म्हणलेले, "धा दिवस पंप बंद. एक जरी अळी दिसली तर फुडं शेतातलं तू बोलायचं न्हाई."

आन आता मामानंच माश्या दांड्याला चोळल्या.

"दुसऱ्याच्या घरात बाळंत व्हायचं आन त्यालाच खायचं," सासू चांगुणा भाकर थापता थापता म्हणली, "तुमच्या मावशीवानीच की वो."

"माझ्या मावशीचं नाव काढू नको!"

उरलेल्या तीन कार्डांच्या पट्ट्या विशाखानं पानांखाली टाचल्या. विहिरीकडचा तुकडा मोकळाच राहिला. मामानं गुपचूप तिथं कुऱ्हाडच नेऊन एका झाडाला बांधली, दांड्याला एखादी माशी चिकटून वाचली आसंल तर निघंल म्हणून.

शेजारचा अण्णाराव बांधावरून वरडला, "पंढरी, कपाशीला कुऱ्हाड दाखवून भ्या घालून राहिला का?"

घरी चांगुणाला सरपन फोडायचं. "आवं, कुऱ्हाड कुठंय?"

"बाळंतपनाला गेलीया."

सातव्या दिवशी मामा एकलेच शेतात गेले. मोबाईलचा कॅमेरा मोठा करून पानं बघितली. कार्डाकडची अळीची अंडी काळीकुट्ट! म्हणजे आत माशीचं पिल्लू बसलेलं. विहिरीकडं मात्र पात्यापात्यात अळी वळवळती. कुऱ्हाड काही बाळंत झाली न्हवती.

मामा जितले की! पन त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आन तीन दिवस सकाळपारी एकेक अळी येचून चिरडली.

धाव्या दिवशी विशाखानं विचारलं, "मामा, अळी दिसली?"

मामानं हिरवी झालेली नखं धोतरात लपवली. "न्हाई बा."

विशाखाला ती आदीच दिसलेली; ती गालात हसली.

"फुडल्या बारीला पाच कार्डं आण," मामा म्हणले, "आन दुकानातून एक खराखुरा पॉलिशपेपर. तुझ्या माश्यांनी दांडा लई खराब घासला."