शिवणीतली माया

टक्.

बॉबिनमधला दोरा संपला म्हणून तिचं शिलाई मशीन नुकतंच थांबलं होतं. दुपारचं घर चिडीचूप, सासूबाई पलंगावर पेंगत होत्या. तेवढ्यात आतल्या खोलीतून तो आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा, टक्.

"उंदीर असेल," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"उंदीर एवढा सावकाश काम करत नाही," म्हणत ती उठली.

आत तिची सात वर्षांची लेक आरशासमोर स्टुलावर उभी होती. कानांमागे, मानेवर कपडे वाळत घालायचे चिमटे. दोन खाली पडलेले.

"पिलू! हे काय गं?"

"हात नको लावूस. उद्या वर्गाचा फोटो आहे. मी माया आत घेतलीय."

शब्द आईचाच होता. पुढेमागे कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीत जास्तीचं कापड दडवून ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. लेकीने तीन वर्षांची असताना विचारलं होतं, माझे गाल असे लोंबतात का, माझ्या हातांची कातडी मोठ्या माणसाच्या झग्यासारखी का? आजाराचं नाव आईच्या स्वतःच्याच जिभेवर बसत नव्हतं. लाखांत एखाद्याला होतो, एवढंच डोक्यात राहिलं होतं. म्हणून ती बोलून गेली, "तुला शिवताना माया जरा जास्त सोडलीय, बाळा. वाढशील तशी अंगावर नीट बसेल."

आणि पोरीने ते धरून ठेवलं. दर दोन महिन्यांनी टेप घेऊन पुढ्यात हजर! गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत तिचं स्वतःचं पान होतं. उंची वाढत होती. माया बसत नव्हती.

त्याच पानाच्या तळाशी मंगळवारी एक आकडा चढला होता, मिलिमीटरमध्ये, गेल्या वर्षीच्या आकड्याखाली. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची रुंदी. "कातडी दिसते म्हणून आपण तिच्याकडेच बघत बसतो," डॉक्टर म्हणाले होते. "कातडीसारखीच ही आतली वाहिनीही सैल पडतेय. ही रुंदी इतकी वाढायला नको होती. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर पळापळी नको, छातीला मार लागू देऊ नका." दुसऱ्यांच्या लेकरांची वाढती मापं ती हसत हसत लिहायची. हा आकडा लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं होतं.

तिने एकेक चिमटा अलगद काढला. खाली लाल वळ उमटले होते. ओढून धरलेली कातडी, इलास्टिक गेलेल्या मोज्यासारखी, हळूहळू खाली उतरली.

"दुखलं का गं?"

"थोडंसंच. पोरं मला आजीबाई म्हणतात ना, मी म्हणते, मग आजीशी नीट बोलायचं!" लेक आपल्या घोगऱ्या आवाजात खिदळली.

"कोण गं माझं नाव घेतंय?" बाहेरून सासूबाई.

"तू नाही गं, मी! मी आजी!"

हसता हसता तिला धाप लागली. आईने तिला पटकन स्टुलावर बसवलं आणि छातीवर तळवा ठेवला. तळव्याखाली धडधड, धडधड. पोरगी नुसती हसली होती. पळाली नव्हती, पडली नव्हती.

धाप ओसरली, तरी आईचा हात तिथून हलेना.

"आई, मी ऐकलं होतं," लेक म्हणाली. "डॉक्टरकाका म्हणाले, मी आतूनपण सैल आहे. म्हणजे आतपण मायाच ना?"

आईने दुसऱ्या हाताने तिच्या मानेवरचा वळ चोळला.

लेक चिमट्याची उघडझाप करत राहिली. टक्. टक्.

"बाहेरची शिवण उसवली तर तू शिवशील," ती म्हणाली. "पण आतली उसवली, तर आपल्याला कळेल का गं?"