दोराचं दुसरं टोक

दोर वळायच्या शेडमध्ये एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला चाकापाशी आई. मध्ये तागाच्या भाऱ्यांची भिंत आणि शेजारी पत्रे ठोकणारा कारखाना, त्यामुळे ओरडून घसा फुटला तरी इकडचं तिकडे ऐकू जायचं नाही. म्हणून नवरा-बायकोचं सगळं बोलणं दोरावरून. हिसका बसला की तिनं चाक फिरवायचं, हिसके वाढले की जोरात फिरवायचं, दोर सैल पडला की थांबायचं. लग्नापासून हेच. घरातही फारसं वेगळं नव्हतं म्हणा.

त्या सकाळी थोरलीची सातवीची परीक्षा होती. धाकट्याचीही होती, तो गेल्या वर्षी नापास होऊनसुद्धा कडक इस्त्रीचा शर्ट घालून केव्हाच गेला होता. थोरलीनं कंपासपेटी उचलली, तसा बाप शेडच्या दारात आडवा आला.

"उद्या गिऱ्हाईक माल न्यायला येणार. परीक्षा काय चुलीत घालायचीय?"

"मी जाणार, बाबा."

पहिल्याच थपडेत तिचा ओठ फुटला. मग त्यानं वेणी धरून तिला भाऱ्यांपलीकडे फरफटत नेलं. आई मध्ये पडली नाही. पडलं की दोघींना बसतं, हे ती शिकली होती. मुकाट चाकाशी जाऊन बसली. घाबरट होती बाई, दुसरा शब्द नाही.

थोड्या वेळानं दोराला हिसका बसला. तिनं चाक फिरवलं. मग हिसक्यांमागून हिसके. "आज भलतीच घाई," असं पुटपुटत तिनं दोन्ही हातांनी दांडा धरला आणि अंगातलं सगळं बळ लावलं. दोर आखडत ताठ झाला. इतक्यात पत्र्यांची ठोकाठोक क्षणभर थांबली आणि तिला किंकाळी ऐकू आली.

ती धावली. बापानं पोरीची मनगटं खांबाशी जखडली होती, आणि रागाच्या भरात हाताला आला तोच दोर घेतला होता, चाकावर चढवलेला. पोर सुटायला हिसके देत होती. उजव्या मनगटाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं.

आईनं सुरीनं दोर कापला. फाटकाला कुलूप लावून बाप परतला आणि आधी दोराकडेच बघितलं.

"अगं, एवढा तयार दोर कापलास?"

भिंतीवरचा लोखंडी आकडा तिनं कधी उचलला, तिचं तिलाच कळलं नाही. पहिल्या घावात त्याचे पुढचे दात गेले. दुसरा गुडघ्यावर बसला. तो गुरासारखा ओरडत कोसळला, तेव्हा तिनं त्याच्या खिशातून किल्ली काढून घेतली.

फाटकाबाहेर पोरीनं विचारलं, "चाक तू फिरवलंस?"

"हो गं. मीच."

आईनं पुढे केलेला पदर पोरीनं घेतला नाही, ओढणीतच हात गुंडाळला.

"आधी दवाखान्यात चल."

"आधी शाळा. डाव्या हातानं लिहीन." आणि ती एकटीच पुढे चालू लागली.