गोमाजीच्या घरानंतरचं घर

टेकचंदच्या नावानं हर्षाचं डोकं फिरायला त्या मंगळवारी फार काही लागलं नाही. महिनाभरापासून ते अर्धं फिरलेलंच होतं.

खैरटोली गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेली त्याला बरीच वर्षं झाली. गाव उचलून नव्या वसाहतीत आणलं, प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले, आणि ज्यांच्या भिंतीला भिंत होती ती माणसं वसाहतीच्या दोन टोकांना जाऊन पडली. यंदा पुनर्वसन समितीनं ठरवलं, की बुडालेल्या गावाचं पुस्तक काढायचं. एका घराला एक पान. घरात कोण राहत होतं, अंगणात झाड कोणतं, डाव्या हाताला कोणाचं घर, उजव्या हाताला कोणाचं. घरांचा क्रम मात्र सरकारी यादीचा नाही, आवतनाचा.

आवतन म्हणजे लग्नाचं बोलावणं. जुन्या खैरटोलीत ते तलावाच्या पाळीपासून, म्हणजे बांधापासून, सुरू व्हायचं आणि एकही दार न चुकवता मारुतीच्या पारापर्यंत जायचं. चुकून एखादं दार राहिलं, तर सांगणाऱ्यानं परत पाळीवर जायचं आणि पहिल्या घरापासून सगळं गाव पुन्हा फिरायचं. राहिलेल्या घराला तेवढं मागाहून सांगून येणं खैरटोलीत चालत नसे. तसं बोलावणं म्हणजे उरलंसुरलं ताटात वाढल्यासारखं. हे काम चाळीस वर्षं देवाजीनं केलं होतं. त्याच्या डोक्यात दीडशे घरं ओळीनं बसलेली होती, आणि पुस्तकाचा क्रम त्यानंच सांगितला.

पुस्तक मांडायचं काम हर्षाकडे आलं. नागपूरच्या एका शिकवणी वर्गाच्या गणिताच्या प्रश्नपत्रिका ती घरी बसून मांडून द्यायची. तिचं सॉफ्टवेअर पाहून लोकांची निराशा व्हायची. ना चित्रं, ना बटणं. काळी खिडकी, तिच्यात एक ओळ टाईप करून एंटर मारायचं, की अक्षरं सरसर वाहायची आणि शेवटी छापायला तयार पीडीएफ निघायची. पण त्याच्या पोटात लुआ नावाची छोटीशी भाषा होती, आणि हर्षाचा तिच्यावर जीव. एकदा नीट सांगून ठेवलं, की ती यादीतून एकेक घर उचलायची, पान मांडायची, आणि आधीचं पान कोणाचं, पुढचं कोणाचं ते बघून शेजाऱ्यांची नावंही आपणच भरायची. सगळं गाव पाऊण मिनिटात. माणसासारखं विसरत नाही ते, असं हर्षा ऐटीत सांगायची.

सरकारी यादीत घरं होती एकशे त्रेचाळीस. आणखी सात घरांना क्रमांकच नव्हता. तलावाच्या जमिनीवर बांधलेली म्हणून मोजणीवाल्यांनी ती सोडून दिली होती. त्यातलं एक गोदावरीबाईचं. बाई तरुणपणीच विधवा झालेली, दोन खोल्या स्वतःच्या हातानं उभ्या केलेल्या, आणि क्रमांक नाही म्हणून प्लॉट नाही. तेव्हापासून भावाच्या घरी, मागच्या खोलीत. हर्षा माहिती घ्यायला गेली, तेव्हा तिनं तीन दुपारी नुसतं घर सांगितलं. चौकट कोणत्या झाडाची, जांभळाखालची सारवलेली जागा केवढी, धान वाळत घातलं की सावली कधी सरकायची. शेवटी म्हणाली, "कागदावर माह्या घराचं नाव कधी आलंच नाही वो पोरी. एक डाव येऊ दे."

समितीचा सचिव टेकचंद. त्याचं बियाण्याचं आणि खताचं दुकान. सभेत तो म्हणाला, "नंबर नाही ते सात घरं सोडून दे. कार्यक्रमाले साहेब लोक येऊन राहिले. उगाच वाद कायले?"

हर्षा उभीच राहिली. "साहेबानं सोडलं म्हणून आपण बी सोडाचं काय, टेकचंदभाऊ? मंग पुस्तक कायले पाहिजे? त्याइची यादीच वाटा ना घरोघरी."

अध्यक्ष वासुदेवराव गुरुजींनी तिची बाजू घेतली. सात घरं ठेवायची ठरलं. टेकचंद तोंड वाकडं करून बसला, आणि हर्षाच्या मनात त्याच्याबद्दल जी अढी बसली ती बसलीच. पुढे पुस्तक तयार झालं तेव्हा दुकानाचा माल आणायला तोच भंडाऱ्याला चालला होता, म्हणून पेन ड्राइव्ह छापखान्यात त्यानंच नेला.

मंगळवारी दोनशे प्रती आल्या. प्रकाशनाचा कार्यक्रम रविवारी.

पहिली प्रत गोदावरीबाईनं मागून घेतली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून भाचीला, डिंपलला, समोर बसवलं. "गोमाजीच्या फुडचं वाच. गोमाजीच्या फुडं मी."

डिंपलनं वाचलं. गोमाजीच्या उजव्या हाताला सत्यवतीचं घर.

"मधात माहं हाय. पाह्य नीट."

डिंपलनं तीनदा पाहिलं आणि मग पुस्तक घेऊन धावत हर्षाकडे आली. हर्षानं पानं उलटली. गोदावरीबाई नव्हती. बाकीची सहा घरंही नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुठे भोकही दिसत नव्हतं. दोन्ही बाजूंचे शेजारी सरकून एकमेकांना असे चिकटले होते, की मध्ये कधी कोणी राहत होतं असं वाटूच नये.

हर्षा चप्पल घालायलाही थांबली नाही. टेकचंदच्या दुकानात खत न्यायला आलेली चार माणसं उभी होती. तिनं पुस्तक काउंटरवर आपटलं.

"सभेत जमलं नाही, म्हणून छापखान्यात जाऊन पानं काढले काय?"

"कोणते पानं?" टेकचंद म्हणाला.

"सात घरं. वेड घेऊन पेडगावले नोका जाऊ. सोडा म्हणणारे तुमीच होते."

"मी मनलो होतो. तुह्या तोंडावर मनलो होतो. मांगून काही केलं नाही. मले तं ते फाईल उघडता बी येत नाही वो."

"तुमी गाववाले नाहीच. धरणवाल्याइचे दलाल हाव तुमी."

खतवाले खाली बघू लागले. टेकचंदचं घर बुडालं तेव्हा त्याचा बाप नव्या वसाहतीत यायला तयार नव्हता, आणि पाणी दारात आल्यावर त्याला खाटेसकट उचलून आणलं होतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हर्षालाही होतं. टेकचंदनं पुस्तक उचलून फडक्यानं पुसलं आणि तिच्याकडे सरकवलं.

घरी येऊन तिनं लॅपटॉप उघडला तो पुरावा काढायला. आपल्याकडची मूळ पीडीएफ गुरुजींसमोर ठेवायची आणि टेकचंदला सभेत उघडा पाडायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. फाईल उघडली. घरांची पानं एकशे त्रेचाळीस.

तिनं स्क्रिप्ट, म्हणजे लुआत लिहिलेल्या सूचनांची फाईल, उघडली. वरून बाविसावी ओळ. घराचा क्रमांक रिकामा असेल, तर पुढच्या घरावर जा. शेवटी दोन आडव्या रेघा आणि तिचीच टीप: नंतर काढायचं.

आता सगळं आठवलं. सुरुवातीचे दिवस. सरकारी यादीच तिनं आवतनाच्या क्रमानं लावून पाया म्हणून घेतली होती, आणि देवाजीनं सांगितलेली सात घरं मधे मधे स्वतः टाईप केली होती. क्रमांकाचा रकाना रिकामा. प्रोग्राम पहिल्याच रिकाम्या रकान्याशी येऊन अडला, आणि तो रकाना गोदावरीबाईचा होता. नागपूरची प्रश्नपत्रिका तासाभरात द्यायची होती. म्हणून तेवढ्यापुरती ती एक ओळ. त्यानंतर प्रोग्राम एकदाही अडला नाही. सभेत ती त्या सात घरांसाठी तावातावानं भांडली, तेव्हाही ती ओळ तिथेच होती आणि दर वेळी सात घरं मुकाट्यानं बाहेर काढत होती. छापायला देण्याआधी तिनं पानं मोजलीही होती. एकशे त्रेचाळीस. लहानपणापासून कानावर पडलेला आकडा, प्रत्येक अर्जावर, प्रत्येक मोर्चाच्या फलकावर. तो जुळला आणि तिला बरं वाटलं होतं.

तिला स्वतःचा असा राग आला, की लॅपटॉप भिंतीवर मारावासा वाटला. पण लॅपटॉपनं काय केलं होतं? त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. तिनं दाण्णकन झाकण मिटलं आणि ती गोदावरीबाईच्या मागच्या खोलीत गेली.

बाई खाटेवर बसली होती. हर्षा उंबऱ्यातच थांबली.

"काकी, ते असं झालं, प्रोग्रामनं…"

"असंच सांगतलं होतं त्या साहेबानं," गोदावरीबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी गेली होती ना हापिसात, प्लाट मांगाले. तो मने, बाई, आमी नाही काढलं, कंप्युटरनं काढलं. आता तुह्या बी कंप्युटरनंच काढलं काय?"

हर्षानं तयार करून आणलेली सगळी वाक्यं प्रोग्रामपासून सुरू होत होती.

"नाही काकी," ती म्हणाली. "मी काढलं. माह्या हातानं लिवलं, का नंबर नसन तं सोडून दे."

बाई म्हणाली, "साहेबाले तं मी ओळखत नव्हती. तुह्याजोळ मी तीन दिस घर सांगत बसली होती."

हर्षा तिथून निघाली ती थेट दुकानात. खतवाल्यांपैकी दोघं अजून तिथेच होते, आणि ते आहेत हे बघूनच ती बोलली. "टेकचंदभाऊ, तुमी काही केलं नाही. चूक माही होती. दलाल मनलं ते बी मी चुकली."

टेकचंद गल्ल्यामागून म्हणाला, "बरं. आता झालं ते झालं. सात चिठ्ठ्या छापून मांगं चिकटवून टाकू. सातच तं घरं हायेत."

इतका वेळ स्वतःवर वळलेला राग फटकन पुन्हा बाहेर आला. "सातच? तुमच्या घराची चिठ्ठी मांगं चिकटवली असती तं चाललं असतं काय?"

टेकचंदनं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "नसतं चाललं," तो म्हणाला.

गुरुजींनी रविवारचा कार्यक्रम पुढे ढकलला. दोनशे प्रती हर्षानं घरी आणून भिंतीशी रचून ठेवल्या. मग स्क्रिप्ट उघडली. बाविसावी ओळ तर तिनं काढलीच, पण सरकारी क्रमांकाचा अख्खा रकानाही पुसून टाकला. आवतनाच्या पुस्तकात त्याचं मुळात कामच काय होतं, हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एंटर मारला. दीडशे. या वेळी तिनं आकड्यावर भरवसा ठेवला नाही. एकेक पान देवाजीला वाचून दाखवलं, आणि तो डोळे मिटून मान हलवत गेला.

शेवटचं पान झाल्यावर तिनं विचारलं, "आता लोकाइले कसं सांगाचं, देवाजीबाबा?"

"दार राहिलं तं काय करतेत? पाळीपासून सुरू."

पाळ पाण्याखाली होती. म्हणून दोघं पहिल्या घरापासून निघाली. जुन्या गावात जे चालणं तासाभराचं, त्याला नव्या वसाहतीत पूर्ण दिवस लागला. पहिलं घर वेशीपाशी, दुसरं टाकीमागे, तिसरं परत वेशीपाशी. चिठ्ठ्यांनी गाव असं उधळलं होतं, की ओळीनं जायचं तर उभ्याआडव्या गल्ल्या तुडवत सुटावं लागे. समोरासमोरची दोन दारं दिसली तरी देवाजी मधली वीस घरं झाल्याशिवाय दुसऱ्या दाराकडे बघायचा नाही. प्रत्येक दारात हर्षा तेच सांगायची. पुस्तकात सात घरं मी सोडली, नवीन छापून येऊन राहिलं, कार्यक्रमाचं आवतन पुन्हा आहे. कोणी पाणी दिलं, कोणी ऐकून दार लावून घेतलं. टेकचंदनं ऐकून घेतलं आणि चप्पल घालून तोही मागून चालू लागला.

गोमाजीचं दार झालं. सत्यवतीचं घर तिथून चार पावलांवर होतं आणि ती दारातच उभी होती. देवाजी तिच्यासमोरून सरळ पुढे गेला, वसाहतीच्या पार दुसऱ्या टोकाला, भावाच्या घराला वळसा घालून मागच्या खोलीशी.

"आवतन हाय वो, गोदावरी," तो म्हणाला.

गोदावरीबाई बाहेर आली. आवतन ऐकून घेतलं. मग देवाजीला नाही, हर्षाला म्हणाली, "पैले पुस्तक आण. डिंपल वाचून दाखवन. मंग सांगतो, येतो का नाही ते."